लॉगमध्ये डिसेंबरातच पुढचं साल, आणि ‘आठवडा ०१’ मध्ये भलतेच आकडे

कोथरूडकर_०७ | ३ जानेवारी २०२५, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. डोक्याला शॉट झालाय, जावा आणि पायथन दोन्हीत हात घातलेलं कोणी असेल तर जरा बघा.

आमची एक स्प्रिंग बूटची (जावाचं फ्रेमवर्क) सर्व्हिस आहे, लॉगिंग (काय काय घडलं त्याची नोंद) लॉगबॅक लायब्ररीचं, दोन सर्वरवर चालते, समोर एनजिनएक्स हा वेब सर्वर. दर शुक्रवारी एक पायथन स्क्रिप्ट जावाचे आणि एनजिनएक्सचे सगळे लॉग वाचते, प्रत्येक ओळीची तारीख उचलून तिला आठवड्याचं लेबल लावते आणि आठवड्यागणिक किती एरर आल्या त्याचा वर्षभराचा तक्ता क्लायंटला मेल करते. सेटअप जुना, लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेले, त्यामुळे विचारायला कोणी नाही.

तर आजचा रिपोर्ट असा आला. एनजिनएक्सच्या ३० आणि ३१ डिसेंबरच्या सगळ्या एरर ‘२०२४-डब्ल्यू०१’ या ओळीत जाऊन बसल्या, म्हणजे गेल्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात! एनजिनएक्सचे लॉग उघडून बघितले तर तिथे तारीख अगदी बरोबर, साल २०२४ च आहे. मग जावाचे लॉग उघडले तर उलटीच तऱ्हा, ३० डिसेंबरच्या ओळींवर चक्क २०२५-१२-३०. महिना बरोबर, दिवस बरोबर, तास मिनिटं बरोबर, फक्त साल पुढचं. १ जानेवारीपासून आपोआप सगळं ठीक. आणि गंमत म्हणजे ह्या चुकीच्या तारखांच्या ओळी रिपोर्टमध्ये मात्र जिथे हव्या तिथेच, ‘२०२५-डब्ल्यू०१’ मध्ये. म्हणजे बरोबर तारीख चुकीच्या आठवड्यात आणि चुकीची तारीख बरोबर आठवड्यात!!

अजून एक, पहिल्या सर्वरवर ही भानगड रविवारी २९ तारखेलाच सुरू झाली आणि दुसऱ्यावर सोमवारी ३० ला. जार (प्रोग्रामची फाइल) तीच, कॉन्फिग (सेटिंगची फाइल) तीच, डिफ मारून म्हणजे ओळ न ओळ ताडून बघितलं, एका स्पेसचाही फरक नाही.

लॉगबॅकमधला तारखेचा पॅटर्न: चार वाय, डॅश, दोन एम, डॅश, दोन डी. वाय चारही कॅपिटल, एम कॅपिटल, डी छोटे. पायथनमध्ये लेबल बनवायला एसटीआरएफटाइम (तारीख हव्या त्या रूपात लिहून देणारं फंक्शन) वापरलंय, टक्का कॅपिटल वाय, मग डॅश, डब्ल्यू हे अक्षर, मग टक्का कॅपिटल व्ही.

सोमवारी क्लायंटला उत्तर द्यायचंय. मॅनेजर म्हणतो सर्वरचं घड्याळ पुढे गेलं असेल. मला नाही वाटत.


नागपुरी_संत्रा | ३ जानेवारी, रात्री ११:४१

एनटीपी (सर्वरचं घड्याळ जुळवणारी सोय) बघितलं का बे? टाइमझोन? यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि आपल्या वेळेत साडेपाच तासांचा फरक, तिथेच बहुतेक लोचा असतो.


कोथरूडकर_०७ | ३ जानेवारी, रात्री ११:५०

बघितलं दादा, दोन्हीकडे घड्याळ बरोबर आहे, टाइमझोनही तोच. आणि साडेपाच तासांनी साल कसं पुढे जाईल, तेही २९ तारखेच्या पहाटे पहाटे.


जुना_जावावाला | ४ जानेवारी, सकाळी ७:३५

घड्याळ सोड, मॅनेजरला पण सांग घड्याळाला बोल लावू नको. तुझा आजार त्या चार कॅपिटल वायमध्ये आहे.

जावात छोटा वाय म्हणजे आपलं कॅलेंडरचं साल. कॅपिटल वाय म्हणजे ‘आठवड्याचं साल’, म्हणजे ही तारीख ज्या आठवड्यात पडते तो आठवडा कुठल्या सालाच्या हिशोबात धरला जातो ते साल. जसं मार्च २०२५ आपण सीएकडे गेलो की २०२४-२५ च्या खात्यात जातो तसंच हे, फक्त इथे सरक जास्तीत जास्त काही दिवसांची असते, म्हणून वर्षाचे तीनशे साठ दिवस दोन्ही वाय एकच आकडा छापतात आणि कोणाच्या बापाला कळत नाही. टेस्टिंग जून-जुलैमध्ये झालं, रिव्ह्यू झाला, लाइव्ह गेलं, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जेव्हा अर्धी टीम गोव्याला असते तेव्हा हा बाहेर येतो.

आता रविवार-सोमवारचं कोडं. आठवडा कधी सुरू होतो आणि पहिला आठवडा कुठला, हे जावा लोकेलवरून (मशीनचं भाषा-देशाचं सेटिंग) ठरवतं. अमेरिकन लोकेलमध्ये आठवडा रविवारी सुरू होतो आणि ज्या आठवड्यात १ जानेवारी येते तो पहिला, मग त्यात नव्या सालाचा एकच दिवस असला तरी चालतो. १ जानेवारी २०२५ बुधवारी होती, तो आठवडा सुरू झाला रविवार २९ डिसेंबरला, म्हणून २९ पासूनच २०२५. ब्रिटिश लोकेलमध्ये आठवडा सोमवारी सुरू होतो आणि नव्या सालाचे किमान ४ दिवस त्यात असावे लागतात, तिथे ३० पासून. दोन्ही मशीनवर लँग व्हेरिएबल काय आहे ते बघ, माझी पैज, पहिल्यावर इएन-यूएस आणि दुसऱ्यावर इएन-जीबी निघेल. जार आणि कॉन्फिग कितीही डिफ मार, लोकेल त्या दोन्हीत नसतंच, ते मशीनचं असतं.

आणि भारताचं लोकेल लावलं तरी सुटका नाही, युनिकोडच्या सीएलडीआर डेटात (देशोदेशीच्या तारखा-आकड्यांच्या पद्धतींचा संग्रह) भारताचा आठवडाही रविवारीच सुरू होतो आणि १ दिवस पुरतो, म्हणजे अमेरिकेसारखंच.

अवांतर माहिती, जावा ७ च्या आधी सिंपलडेटफॉरमॅट या तारीख छापणाऱ्या क्लासला कॅपिटल वाय माहीतच नव्हता, लिहिला तर थेट एक्सेप्शन फेकायचा. २०११ ला जावा ७ आलं, कॅपिटल वायला अर्थ मिळाला आणि तेव्हापासून दर डिसेंबरला ही जत्रा भरते. आम्ही जावा ६ वर होतो तेव्हा सुखी होतो म्हणायचं!


कोथरूडकर_०७ | ४ जानेवारी, सकाळी ९:१०

सर लोटांगण! पहिल्यावर इएन-यूएस, दुसऱ्यावर इएन-जीबी. दुसरं मशीन कोणीतरी युकेच्या जुन्या प्रोजेक्टचं इमेज वापरून उभं केलेलं दिसतंय. पॅटर्नमध्ये छोटे वाय करतोय आजच.

पण मग ते रिपोर्टमध्ये बरोबर आठवड्यात कसे काय पडले? आणि एनजिनएक्सचे का चुकले?


आठवडीबाजार | ४ जानेवारी, दुपारी १:०५

थांब थांब, आज फक्त तेवढंच करू नकोस, नाहीतर पुढचा रिपोर्ट आत्ताच्यापेक्षा वाईट येईल. तुझ्याकडे दोन बग आहेत आणि ते एकमेकांना झाकतायत.

मी स्टुटगार्टला असतो, इथे लोक तारीख बोलतच नाहीत, आठवड्याचा नंबर बोलतात. डिलिव्हरी कधी, केडब्ल्यू (जर्मनमध्ये कॅलेंडरचा आठवडा) ६ मध्ये. सुट्टी कधी, केडब्ल्यू ३२ ते ३४. ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नंबर छापलेले असतात, त्यामुळे हा विषय रोज पोटापाण्याचा आहे.

पायथनमधला टक्का कॅपिटल व्ही म्हणजे आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय तारीख-मानकाचा आठवडा. नियम असा की आठवडा सोमवार ते रविवार आणि ज्या आठवड्यात वर्षाचा पहिला गुरुवार येतो तो ०१. किंवा सोपं करून, ज्या आठवड्यात ४ जानेवारी येते तो ०१, दोन्ही एकच. म्हणून सोमवार ३० डिसेंबर २०२४ हा दिवस २०२५ च्या ०१ मध्ये जातो. इथपर्यंत ठीक. पण ह्या नंबरच्या शेजारी तुमच्या स्क्रिप्टने साल लावलंय ते टक्का कॅपिटल वाय, आणि एसटीआरएफटाइममध्ये कॅपिटल वाय म्हणजे साधं कॅलेंडरचं साल (जावाच्या बरोबर उलटं, हो). झालं, २०२४ हे साल कॅलेंडरकडून आणि ०१ हा नंबर आठवड्याकडून, दोन वेगळ्या घरचे पाहुणे एका ताटात. निघालं ‘२०२४-डब्ल्यू०१’, जे १ ते ७ जानेवारी २०२४ चं खरं नाव आहे, ते आधीच तक्त्यात बसलेलं, त्यात ह्या दोन दिवसांची भर पडली. एनजिनएक्सचं हे झालं.

आता जावाच्या ओळी बघ. तिथे तारीख लिहिली गेली २०२५-१२-३०. स्क्रिप्टने ती खरी मानली. २०२५ च्या ३० डिसेंबरला मंगळवार आहे, त्याचा आयएसओ आठवडा काय, तर २०२६ चा ०१. टक्का वायने साल दिलं २०२५, टक्का व्हीने नंबर दिला ०१, लेबल तयार ‘२०२५-डब्ल्यू०१’. जे योगायोगाने ३० डिसेंबर २०२४ चं खरं लेबल आहे! पहिल्या चुकीने साल एक पुढे ढकललं, दुसऱ्या चुकीने एक मागे ओढलं.

आता जर फक्त जावा दुरुस्त केलंस आणि जुन्या ओळीही सुधारल्यास तर त्याही एनजिनएक्ससारख्या ‘२०२४-डब्ल्यू०१’ मध्ये जातील. फक्त पायथन दुरुस्त केलंस तर जावाच्या ओळी ‘२०२६-डब्ल्यू०१’ मध्ये जातील, क्लायंट वेडा होईल. दोन्ही एकाच वेळी करायला हवं.

पायथनमध्ये इलाज सोपा, टक्का वायच्या जागी टक्का कॅपिटल जी. जी आणि व्ही ही जोडी आहे, ती फोडायची नाही. किंवा सरळ आयसोकॅलेंडर फंक्शन, ते साल, आठवडा, वार तिन्ही एकत्र देतं. मजा बघ, एसटीआरपीटाइमने (एसटीआरएफटाइमच्या उलटं, लिहिलेली तारीख वाचणारं फंक्शन) अशी स्ट्रिंग परत वाचायला गेलास तर पायथन स्वतःच अडवतं, म्हणतं व्हीबरोबर वाय चालणार नाही, जी वापरा. लिहिताना मात्र गुमान लिहू देतं.

बाय द वे, पहिल्या सर्वरच्या २९ तारखेच्या रविवारच्या ओळी तपास. त्या २०२५-१२-२९ म्हणून लिहिल्या गेल्यात, लेबल मिळालं असेल ‘२०२५-डब्ल्यू०१’, पण २९ डिसेंबर २०२४ चा रविवार हा २०२४ च्या ५२ व्या आठवड्याचा शेवटचा दिवस. तिथे दोन चुका एकमेकांना पुरल्या नाहीत.


कोथरूडकर_०७ | ४ जानेवारी, दुपारी १:४०

बाप रे. रविवारचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आत्ता बघितलं, पहिल्या सर्वरच्या रविवारच्या एरर खरंच पुढच्या आठवड्यात मोजल्या गेल्यात. आणि मी मघाशी फक्त जावाचा बदल मर्ज करणार होतो.

जुन्या ओळी कशा सुधारू? हातानं शक्य नाही, फाइली मोठ्या आहेत.


एसआरई_सातारा | ४ जानेवारी, दुपारी ३:१५

तुझं नशीब चांगलं की आज जानेवारी आहे. खरा डिसेंबर २०२५ अजून उजाडलेलाच नाही, म्हणजे तुझ्या लॉगमध्ये आत्ता २०२५-१२ ने सुरू होणारी प्रत्येक ओळ खोटी, डोळे मिटून बदल. सेडने (फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड) ओळीच्या सुरुवातीचं २०२५-१२ बदलून २०२४-१२ कर, पण सुरुवातीची टोपीची खूण (^, म्हणजे फक्त ओळीच्या सुरुवातीलाच) नक्की लाव, नाहीतर मेसेजच्या आतमध्ये कुठे कार्डाची, ऑफरची मुदत २०२५-१२ लिहिली असेल ती पण बदलून बसशील. आधी कॉपी ठेव. हेच काम पुढच्या डिसेंबरपर्यंत लांबवलंस तर खरे आणि खोटे एकत्र होतील, मग वेगळे करणं म्हणजे तांदळातले खडे… असो.

ओळींबरोबर फाइलींची नावं पण बघ, रोलओव्हरच्या (ठराविक काळाने नवी लॉग फाइल सुरू करायच्या) पॅटर्नमध्ये तेच चार कॅपिटल वाय असणार, लोक एकच पॅटर्न दोन्हीकडे डकवतात. नावावरून तारीख काढून जुन्या फाइली उडवणारी स्क्रिप्ट असेल तर २०२५-१२-३० नावाची फाइल तिला भविष्यातली वाटते आणि ती वर्षभर डिस्क अडवून बसते. उलटं पण होतं, आठवड्याचं रोलिंग छोटे वाय आणि डब्ल्यूडब्ल्यू असं लावलं असेल, जे नेटवरच्या उदाहरणांतून सर्रास कॉपी होतं, तर ३० डिसेंबरची फाइल २०२४-०१ नावाने बनायला बघते आणि गेल्या जानेवारीची त्याच नावाची फाइल आधीच तिथे पडलेली असते. मग जुन्यात भर पडते की जुनी पुसली जाते हे त्या त्या टूलवर.

आणि सगळ्यात वाईट सांगू का, अलर्ट. लॉग जर किबानासारख्या लॉग बघायच्या डॅशबोर्डात जात असतील तर तिथे सगळे ‘शेवटची १५ मिनिटं’ बघतात. एक वर्ष पुढची तारीख असलेली ओळ त्या १५ मिनिटांत येतच नाही. एरर धो धो पडतायत आणि डॅशबोर्डवर सपाट रेघ, अलर्ट गप्प. ३१ डिसेंबरच्या रात्री ऑन-कॉल असलेला माणूस सपाट रेघ बघून खूश होतो बिचारा.

इलास्टिकसर्चवाल्यांनी (किबानामागे लॉग साठवणारं टूल) अजून एक लक्षात ठेवा. आवृत्ती ६ पर्यंत तिथे जोडाटाइम ही तारखांची लायब्ररी होती आणि जोडात कॅपिटल वाय म्हणजे साधंच साल, आठवड्याच्या सालाला एक्स हे अक्षर. ७ ला ते जावाच्या नव्या टाइम लायब्ररीवर गेले आणि कॅपिटल वायचा अर्थ बदलला. म्हणजे वर्षानुवर्षं बिनचूक चाललेला पॅटर्न, तुम्ही काहीही न बदलता, अपग्रेडनंतर चुकीचा झाला.


जुना_जावावाला | ४ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

+१ जोडासाठी. म्हणूनच नव्या पोरांना दोष देता येत नाही, कॅपिटल वाय लिहायची सवय त्यांना कुठून तरी लागलेली असते. ओरॅकल आणि पोस्टग्रेस डेटाबेसच्या टू-चार फंक्शनमध्ये कॅपिटल वाय बरोबर. जावास्क्रिप्टच्या मोमेंटजेएस लायब्ररीत कॅपिटल वाय बरोबर. तिथून माणूस जावात किंवा स्विफ्टमध्ये येतो आणि हातातून तेच बाहेर पडतं. ॲपलच्या तारखांच्या गाइडमध्ये तर स्पष्ट लिहिलंय की कॅपिटल वाय वापरणं ही नेहमीची चूक आहे. मला सगळ्यात शहाणं डेट-एफएनएस (हीही जावास्क्रिप्टचीच लायब्ररी) वाटतं, २०१९ ला त्यांनी दुसऱ्या आवृत्तीत युनिकोडची अक्षरं घेतली आणि कॅपिटल वाय दिसला की एरर टाकून थांबवतं, खरंच हवा असेल तर ऑप्शन देऊन सांगा म्हणतं. असं सगळ्यांनी करायला हवं होतं.

तसाच भाऊ कॅपिटल डी. जावात छोटा डी महिन्यातला दिवस, कॅपिटल डी वर्षातला दिवस. जानेवारीभर दोन्ही सारखे, १ फेब्रुवारीला तारीख येते ३२!


डेटाबेसवाली | ४ जानेवारी, रात्री ९:००

पायथन-जावाचं झालं, पण रिपोर्ट शेवटी कुठल्यातरी टेबलात जात असेल तर तिथेही बघ रे बाबा. मायएसक्यूएलमध्ये वीक फंक्शनला मोड द्यावा लागतो, ० ते ७, आणि न दिलास तर डीफॉल्ट ०, म्हणजे रविवारपासून आठवडा आणि वर्षातल्या पहिल्या रविवारापासून नंबर १, त्याआधीचे दिवस शून्याव्या आठवड्यात. तुझ्या पायथनशी हे नेहमी जुळेलच असं नाही. आयएसओ हवा तर मोड ३. आणि नुसता वीक घेऊन शेजारी इयर जोडू नकोस, त्यापेक्षा इयरवीक फंक्शन मोड ३ ने वापर, ते दोन्ही एकत्र २०२५०१ असं देतं.

डेट-फॉरमॅटमध्ये तर अक्षरांची अदलाबदलच आहे. एसटीआरएफटाइममध्ये आयएसओचा आठवडा कॅपिटल व्ही, मायएसक्यूएलमध्ये तो छोटा व्ही, आणि त्याचा जोडीदार साल छोटा एक्स. तिथला कॅपिटल व्ही रविवारवाला. म्हणजे पायथनमधलं टक्का कॅपिटल व्ही जसंच्या तसं क्वेरीत डकवलं की क्वेरी चालते, आकडा पण येतो, आणि बऱ्याच वेळा तो एकाने कमी-जास्त असतो.

पोस्टग्रेसमध्ये टू-चारला आय लावलेली जोडी आहे, आयवाय आणि आयडब्ल्यू. साधं डब्ल्यूडब्ल्यू घेतलंस तर तिथे १ जानेवारीपासून सात-सात दिवस मोजतात, वार कुठलाही असो. मी स्वतः तिथे नंबर काढतच नाही, डेट-ट्रंक ने आठवड्याचा सोमवार काढते आणि त्यावर ग्रुप करते. तारीखच हातात येते, सॉर्ट पण नीट होतं, वर्ष बदललं काय नि नाही काय.

क्लायंट शेवटी एक्सेलमध्ये उघडणार असेल तर वीकनम फंक्शन आपणहून रविवारवालं आहे, त्याला दुसरा आकडा २१ द्यायचा, किंवा एक्सेल २०१३ पासून आयएसओवीकनम आहे ते वापरायचं. क्लायंटच्या माणसाने स्वतः एक कॉलम काढून तुमचा आठवडा चुकतोय म्हणून मेल केला तर पहिलं हेच विचार.


नागपुरी_संत्रा | ४ जानेवारी, रात्री ९:३०

मी घड्याळावर खापर फोडलं, बरं, पण अशी चूक मोठ्यांकडून पण झालीय. डिसेंबर २०१४ मध्ये ट्विटरचे अँड्रॉइडवरचे लोक धडाधड लॉगआउट झाले होते, ट्विटरचे सर्वर उत्तरात २९ डिसेंबर २०१५ अशी तारीख पाठवत होते. यूटीसीने २९ ची मध्यरात्र झाली तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. नेटवर लोकांनी लगेच ताडलं की टक्का वायच्या जागी टक्का जी पडला असणार, वार-महिना-दिवसासोबत आठवड्याचं साल. म्हणजे तुमचाच जी, उलट्या बाजूने.

अजून एक गंमत, मराठी लोकांसाठी खास. जावास्क्रिप्टमध्ये तारीख एमआर-आयएन लोकेलने छापली की आकडे देवनागरीत येतात. कोणीतरी ब्राउझरचं लोकेल तसंच उचलून लॉग पाठवले तर सर्वरवरचा रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधणारी सोय) बॅकस्लॅश-डी, म्हणजे कुठलाही अंक, शोधत बसतो, जावास्क्रिप्टचा आणि जावाचा बॅकस्लॅश-डी आपले आकडे ओळखत नाही. पायथन ओळखतं, आणि ‘२०२४’ असं देवनागरीत दिलं तरी इंट करून देतं! करून बघा.


एसआरई_सातारा | ४ जानेवारी, रात्री १०:०५

हे भारी आहे, माहीत नव्हतं.

माझं स्पष्ट मत, लॉगमध्ये आठवडा नावाची गोष्टच नको. लॉगच्या ओळीत पूर्ण तारीख, वेळ, यूटीसीपासूनचा फरक, बस. आठवडा वाचणाऱ्याने काढावा. लिहिताना काढलात तर लोकेल, लायब्ररी, आवृत्ती सगळं त्या एका आकड्यात गोठून बसतं आणि नंतर कोणालाच सांगता येत नाही तो कुठल्या नियमाने आला.


आठवडीबाजार | ५ जानेवारी, दुपारी १२:३०

लॉगच्या ओळीपुरतं मान्य, फाइलच्या नावापुरतं पण मान्य. पण रिपोर्टमधून काढा म्हणशील तर माझा क्लायंट मला दारात उभा करणार नाही, त्याला केडब्ल्यूच लागतो. मग निदान एका जागी काढा, आयएसओने काढा, आणि सालासकट छापा. जावात काढायचा असेल तर कॅपिटल वाय आणि डब्ल्यूडब्ल्यूच्या भरवशावर राहू नका, ते लोकेलचं ऐकतात. आयसोफील्ड्स आहे, किंवा तयार फॉरमॅटर आहे आयएसओ-वीक-डेट नावाचा, तो लोकेलला विचारत नाही.

यूटीसीचं मात्र नागपूरवाल्याने सुरुवातीला म्हटलं ते अगदीच वाया नाही. भारतातला सोमवार यूटीसीच्या रविवारी साडेसहा वाजता संध्याकाळी सुरू होतो. लॉग यूटीसीत आणि आठवडा त्याच तारखेवरून काढला तर सोमवारी रात्री १२ ते पहाटे साडेपाचपर्यंतचं सगळं आदल्या आठवड्यात जातं. क्लायंट कुठला आहे त्याप्रमाणे आधी टाइमझोन बदला, मग आठवडा काढा.


कोथरूडकर_०७ | ५ जानेवारी, रात्री ८:१५

दोन्ही बदल एकत्र टाकले, जुन्या ओळी सेडने सुधारल्या, रिपोर्ट परत चालवला, आता जावा आणि एनजिनएक्स दोघंही ‘२०२५-डब्ल्यू०१’ मध्ये आणि रविवार ५२ मध्ये. क्लायंटला सुधारलेला तक्ता आजच पाठवला.

आमची स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) चालते, तिथेच एका ओळीत लॉग झिप करून फाइलच्या नावात तारीख घालायची डेट कमांड आहे, ती पण टक्का जी आणि टक्का व्ही केली तर चालेल ना? आणि ह्याची टेस्ट कशी लिहायची, कुठल्या तारखा घेऊ? डिसेंबरपर्यंत थांबून बघायचं नाहीये.


एसआरई_सातारा | ५ जानेवारी, रात्री ८:५०

चालेल, पण क्रॉनटॅबच्या ओळीत टक्का हे चिन्ह बॅकस्लॅश लावूनच लिहायचं. नुसता टक्का म्हणजे क्रॉनला नवी ओळ, तिथून पुढचं सगळं तो कमांडला इनपुट म्हणून देतो. टर्मिनलवर चालतं, क्रॉनमध्ये नाही, आणि माणूस परत घड्याळाला शिव्या देतो. कमांड वेगळ्या स्क्रिप्ट फाइलमध्ये टाक आणि क्रॉनमधून फक्त ती बोलव, हे उत्तम.


जुना_जावावाला | ६ जानेवारी, सकाळी ७:४०

टेस्टसाठी एकच ३१ डिसेंबर घेऊन भागत नाही, कारण दर वर्षी चूक वेगळ्या बाजूला पडते. २०२४ चा डिसेंबर तुझ्याकडे आहेच. २०२५ ला ब्रिटिश लोकेलमध्ये २९ ते ३१ डिसेंबर पुढे पळतील, अमेरिकन आणि भारतीय मध्ये २८ पासूनच. २०२६ च्या शेवटी खरी मजा: १ जानेवारी २०२७ शुक्रवारी आहे, त्यामुळे आयएसओप्रमाणे १ ते ३ जानेवारी २०२७ हे अजून २०२६ मध्येच, आणि अमेरिकनमध्ये मात्र २७ ते ३१ डिसेंबर २०२६ हे २०२७ मध्ये. एक मागे ओढतंय, दुसरं पुढे. आणि ३० डिसेंबर २०२३ किंवा ३१ डिसेंबर २०२२ घेऊन टेस्ट लिहिलीस तर दोन्ही लोकेलमध्ये पास होईल आणि फुकटचा विश्वास बसेल, दोन्ही शनिवार आहेत, तिथे काही सरकतच नाही.

कोडमध्ये आत्ताची वेळ थेट न घेता क्लॉक बाहेरून दे, म्हणजे टेस्टमध्ये हवी ती तारीख लावता येते. टेस्ट दोन्ही लोकेल लावून चालव.


आठवडीबाजार | ६ जानेवारी, दुपारी १:१०

ह्यातच २०२६ चा ५३ पण घे. आयएसओमध्ये बहुतेक वर्षांना ५२ आठवडे, पण १ जानेवारी गुरुवारी आली, किंवा लीप वर्ष असून बुधवारी आली, तर ५३. ४०० वर्षांत अशी ७१ येतात. मागचं २०२०, पुढचं २०२६, मग २०३२. तुमच्या तक्त्यात ५२ रकाने ठोकून बसवलेले असतील, किंवा ‘गेल्या वर्षीचा हाच आठवडा’ असा तुलनेचा कॉलम असेल, तर २८ डिसेंबर २०२६ च्या सोमवारी बोंब होणार, कारण २०२५ ला ५३ वा नाहीच.


कोथरूडकर_०७ | ६ जानेवारी, दुपारी २:०५

तुलनेचा कॉलम आहे. साल वजा एक करून तोच नंबर शोधतो, सापडला नाही तर शून्य छापतो.


डेटाबेसवाली | ६ जानेवारी, दुपारी २:३०

शून्य नको छापूस, रिकामा ठेव. शून्य म्हणजे एरर आलीच नाही असा अर्थ होतो. त्यापेक्षा सोमवारच्या तारखेतून ३६४ दिवस वजा कर, बरोबर ५२ आठवडे मागचा सोमवार मिळतो, तो नेहमी असतोच. फक्त कॉलमचं नाव ‘५२ आठवड्यांपूर्वी’ असं कर, ‘गेल्या वर्षी हाच आठवडा’ नको, नाहीतर २०२७ भर एका आठवड्याचा फरक का दिसतो म्हणून विचारतील.